सहा तास होडीत

रविवार, रात्र

आज मी पाण्यात नव्हते, होडीत होते. पाण्यात धाकटी बहीण होती. सकाळी ६ ला उतरली, १२ ला बाहेर आली. पाणी १५ अंश. इंग्लिश खाडी पोहायची म्हणजे आधी १६ अंशांच्या आतल्या पाण्यात ६ तास पोहून दाखवावं लागतं. त्यासाठीची ही तालीम.

पहाटे तिच्या मानेला, काखेत, पोहण्याच्या पोशाखाच्या पट्ट्यांखाली लॅनोलिन, म्हणजे लोकरीतून निघणारं चिकट मेण, चोपडलं. कातडी घासून सोलवटू नये म्हणून. हातात मोजे घालून, कारण त्या चिकट बोटांचा एक ठसा गॉगलच्या काचेवर उमटला तर पुढचे सहा तास धुक्यात. ती गप्प उभी होती. मीही पोहते, त्यामुळे त्या वेळी बोलायचं नसतं एवढं मला कळतं.

मग दर अर्ध्या तासाला दोरीला बांधलेली बाटली फेकायची. ती पाण्यात उताणी होऊन कोमट पेय घटाघटा पिते, बाटली सोडते, मी दोरी ओढून घेते, ती चाललीसुद्धा. सगळं मिनिटाच्या आत. तेवढा वेळ तिचा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर असतो. खाऱ्या पाण्याने ओठ सुजलेले, डोळ्यांभोवती गॉगलचे वळ. पण हात लावायचा नाही. होडीला किंवा होडीतल्या माणसाला आधारासाठी हात लागला की पोहणं तिथेच संपलं, हा खाडीचा नियम. वेटसूटही चालत नाही. साधा पोशाख, एक टोपी, गॉगल, बस. आजची तालीमच होती, आज हात लावला असता तरी कोणी विचारलं नसतं. पण आम्ही नियम पाळला. पाठच्या बहिणीला थंडीने कुडकुडताना बघायचं आणि नुसती बाटली फेकायची, हे मला पोहण्यापेक्षा जड गेलं.

‘कशाला करता हे?’ असं लोक विचारतात तेव्हा आजवर मी काहीतरी सांगून वेळ मारून नेत आले. आव्हान, जिद्द, स्वतःला जोखणं. ते खोटं नाही, पण त्यासाठी कोणी वर्षानुवर्षं भल्या पहाटे गार पाण्यात उतरत नाही. आणि ‘समुद्र जिंकला’ हा शब्दप्रयोग तर मला अजिबात सोसत नाही. भरती-ओहोटीची वेळ बघून, वाऱ्याचा अंदाज घेऊन, त्याने वाट दिली तरच आपण पलीकडे जातो.

मला आठवतं ते असं. पहिला तास डोक्यात घरचा सगळा गोंगाट असतो. राहिलेली कामं, कोणाला काय बोललो, कोण काय बोललं. दुसऱ्या तासात खांदे बोलू लागतात. तिसऱ्या तासात कधीतरी हे सगळं गळून पडतं, नेमकं कधी ते कधीच समजत नाही. कान पाण्यात, डोळ्यांसमोर हिरवट काळोख, स्वतःच्या बुडबुड्यांचा आवाज. तीन हात, श्वास. तीन हात, श्वास. धावताना, डोंगर चढताना माणूस सोबत्याशी बोलतो, आजूबाजूला बघतो. इथे बोलणं नाही, बघणं नाही, ऐकणं नाही. काळसुद्धा अर्ध्या तासाच्या तुकड्यांतच उरतो, पुढच्या बाटलीपर्यंत. त्यापलीकडचा विचार करायचाच नाही. म्हणून तर पोहणाऱ्याला किनारा किती राहिला हे सांगत नाहीत. धाकटीनेही काल बजावलं होतं, ‘ताई, काही झालं तरी अंतर सांगायचं नाही हं.’

अर्थात, किनारा नकोच असतो असं म्हणणंही खरं नाही. अमेरिकेची पोहणारी फ्लोरेन्स चॅडविक १९५२ च्या जुलैमध्ये कॅटलिना बेटावरून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याकडे निघाली, पंधरा तासांवर पोहली आणि दाट धुक्यात काहीच दिसेना म्हणून होडीत आली. किनारा मैलभरही उरला नव्हता. दोन महिन्यांनी ती पुन्हा उतरली आणि पार गेली. भारताची आरती साहा १९५९ च्या ऑगस्टमध्ये इंग्लिश खाडीत प्रवाहापुढे थांबली. २९ सप्टेंबरला पुन्हा उतरली आणि १६ तास २० मिनिटांत पलीकडे पोचली, खाडी पार करणारी पहिली आशियाई स्त्री. तेव्हा तिचं वय १९. मला विक्रमापेक्षा मधला तो महिना जास्त छळतो. पाणी किती गार आहे, जीभ कशी सुजते, प्रवाह माणसाला कसा जागच्या जागी धरून ठेवतो, हे सगळं अंगाने माहीत झाल्यावर पुन्हा तिथेच उतरायचं. नुसत्या जिद्दीवर हे होत असेल असं मला वाटत नाही. तिथे आत काहीतरी बरंही वाटलेलं असलं पाहिजे.

आता आजचा पाचवा तास. मी दर पंधरा मिनिटांनी तिचे हात मोजून वहीत लिहीत होते. मिनिटाला ६४, ६४, ६३, ६४. साडेचार तासांनंतर एकदम ५७. माझ्या पोटात गोळा आला. पाणी हवेपेक्षा कितीतरी पटींनी जलद अंगातली ऊब ओढून घेतं आणि गारठा मेंदूपर्यंत पोचला की पोहणाऱ्याला स्वतःला ते कळत नाही. हातांचा वेग पडणं ही पहिली खूण. मी ओरडून थांबवलं. आजीचं माहेरचं आडनाव विचारलं, आज वार कोणता विचारलं. तिने दोन्ही बरोबर सांगितलं, शब्द अडखळले नाहीत. तरी पुढचा तासभर माझी नजर तिच्या कोपरांवरून हलली नाही. वेग परत ६२ वर आला तेव्हा कुठे मी पाणी प्यायले.

बाहेर आल्यावर तिला कोरडं केलं, थरावर थर कपडे चढवले. पाण्यातून आल्यावरही काही वेळ अंग आतून गार होतच राहतं, त्यामुळे खरा थरकाप नंतरच सुटतो. दोन्ही हातांत धरलेला पेला दातांवर वाजत होता.

संध्याकाळी मी वही उघडून तिला तो ५७ चा आकडा दाखवला. म्हटलं, इथे मी घाबरले होते.

तिने आकड्यावर बोट ठेवलं. म्हणाली, ‘इथे लाटा मागून यायला लागल्या होत्या ताई. मी हात लांब टाकत होते. सहा तासांत सगळ्यात छान इथेच वाटत होतं गं.’ आणि मग, जरा थांबून, ‘तू हाक मारलीस ना, तेव्हा क्षणभर मला कळेनाच की कोणाला मारतेयस.’

मी त्या ओळीपुढे पेन्सिलने लिहून ठेवलं: लाटा मागून.