ऑब्जेक्ट हरवला, पण फाइल कोणती?

एक डिस्क बंद असताना नवं लिखाण जोडीच्या दुसऱ्या डिस्कवर झालं. पहिली परत आली, आणि तिच्यावर ते लिखाण उतरायच्या आत दुसरी कायमची गेली. सेफ या अनेक डिस्कांवर डेटाच्या प्रती ठेवणाऱ्या यंत्रणेच्या क्लस्टरच्या हेल्थमध्ये 'अनफाउंड' (सापडत नाही) झळकायला एवढं पुरतं. हरवलेला ऑब्जेक्ट, म्हणजे फाइलचा साठवलेला तुकडा, एकच होता, पण तो वाचायला गेलेला प्रत्येक क्लायंट तिथेच अडकून बसत होता.

यावर 'मार्क_अनफाउंड_लॉस्ट डिलीट', म्हणजे हरवलेला ऑब्जेक्ट गेलाच असं क्लस्टरला सांगणं, हा झटपट उपाय आहे. क्लस्टर हिरवा होतो, वरिष्ठ खूश होतात आणि फाइलमध्ये त्या तुकड्याच्या जागी गुपचूप शून्यं येतात. वाचणाऱ्याला साधी एररसुद्धा मिळत नाही. म्हणून फाइल कोणाची हे कळेपर्यंत डिलीट चालवायला मी साफ नकार दिला.

'लिस्ट_अनफाउंड'ने नाव दिलं ते असं: १००००००४७२९.००००००१२. टिंबाआधी आयनोड, म्हणजे फाइलचा अंतर्गत क्रमांक, टिंबानंतर तुकड्याचा क्रमांक, दोन्ही हेक्समध्ये, म्हणजे १६ अंकी पद्धतीत. हेक्समधले १२ म्हणजे आपले १८. सेफएफएस ही सेफची फाइल सिस्टिम सहसा फाइलचे ४ एमबीचे तुकडे पाडते, म्हणजे गेला तो ७२ ते ७६ एमबीमधला भाग. पण फाइलचं नाव? फाइंड कमांडला आयनोड देऊन अख्खी फाइल सिस्टिम चाळता येते, पण कोट्यवधी फाइली असल्या की फाइलींची नावं-फोल्डर सांभाळणाऱ्या मेटाडेटा सर्व्हरचा जीव मेटाकुटीला येतो.

सुदैवाने प्रत्येक फाइलच्या पहिल्या तुकड्याला, म्हणजे आठ शून्यांनी संपणाऱ्या ऑब्जेक्टला, 'पेरेंट' नावाचं अ‍ॅट्रिब्यूट चिकटवलेलं असतं. त्यात बॅकट्रेस, म्हणजे फाइलचं नाव आणि वरच्या फोल्डरांचा माग असतो. आपला पहिला तुकडा शाबूत होता. ऑब्जेक्ट थेट हाताळणाऱ्या राडोस कमांडने ते अ‍ॅट्रिब्यूट काढून पेरेंट.बिन या फाइलमध्ये ठेवलं. ते बायनरी, म्हणजे थेट न वाचता येणारं. ते वाचायला सेफचंच टूल, सेफ-डेनकोडर:

सेफ-डेनकोडर टाइप आयनोड_बॅकट्रेस_टी इम्पोर्ट पेरेंट.बिन डिकोड डम्प_जेसन

हे टूल मुळात डेव्हलपरांच्या चाचण्यांसाठी आहे. जुन्या आवृत्त्यांनी लिहिलेले बाइट्स नव्या आवृत्तीला वाचता येतात का, हे तपासायला ते वापरतात. त्यामुळे ते तुमचे लाड करत नाही. शब्द ज्या क्रमाने द्याल त्याच क्रमाने ते कामं करतं. मधलं 'डिकोड' गाळलं तर कोऱ्या स्ट्रक्चरचं जेसन (वाचता येणारा मजकूर) निमूटपणे छापून मोकळं होतं. कोणता टाइप, म्हणजे बाइट्सची कोणती रचना, घ्यायचा हेही आपणच सांगायचं. 'लिस्ट_टाइप्स'ची यादी लांबलचक आहे. आणखी एक गोष्ट: हे टूल क्लस्टरच्याच आवृत्तीचं हवं. सेफएडीएम या सेफच्या व्यवस्थापन टूलच्या शेलमधून चालवलं की तो प्रश्न उरत नाही.

जेसनमध्ये आयनोड आला १०९९५११६४५९९३. हा दशमानात असतो, म्हणून आधी हेक्समध्ये बदलून ऑब्जेक्टच्या नावाशी जुळवला. मग खात्रीसाठी हेक्सडम्पही, म्हणजे पेरेंट.बिनचे कच्चे बाइट्स, पाहिला. सुरुवातीचे सहा बाइट्स आवृत्ती, सुसंगततेची किमान आवृत्ती आणि लांबी यांचे. त्यापुढे २९ ४७ ०० ०० ०० ०१ ०० ००, म्हणजे तोच आयनोड, उलट्या क्रमाने लिहिलेला. थोडं पुढे ई० ए४, ई० ए४ अशी रांग लागलेली पाहून हसू आलं. यूटीएफ-८ मधली देवनागरी! कोणीतरी फाइलला 'अहवाल' असं नाव दिलं होतं: पाच चिन्हांचे पंधरा बाइट्स.

'अ‍ॅन्सेस्टर्स' या जेसनमधल्या यादीत फाइलपासून वर मुळापर्यंतचे फोल्डर ओळीने मिळतात. त्यातलं वरचं एक नाव मात्र माउंटवर सापडेना. यात बिघाड काही नाही. फाइलचं नाव बदललं की तिचा स्वतःचा बॅकट्रेस यथावकाश सुधारतो, पण वरच्या फोल्डरचं नाव बदललं म्हणून आतल्या हरेक फाइलचा बॅकट्रेस कोणी परत लिहीत बसत नाही. अशा वेळी नावावर नाही, 'डिरआयनो'वर म्हणजे फोल्डरच्या आयनोडवर विसंबायचं. तो हेक्समध्ये बदलला, फोल्डरांची माहिती ठेवणाऱ्या मेटाडेटा पूलमधून त्या फोल्डरचा स्वतःचा 'पेरेंट' काढला आणि तीच कमांड पुन्हा चालवली. फोल्डरचं आजचं नाव मिळालं आणि पुढचा रस्ताही.

फाइलच्या मालकाला फोन केला. मूळ प्रत त्यांच्या एक्स्टर्नल डिस्कवर होती. मग डिलीट चालवलं, अडकलेले क्लायंट सुटले, आणि जुन्या फाइलवर न लिहिता ती काढून नवी कॉपी केली. शेवटी दोन्हीकडचे चेकसम ताडून पाहिले. जुळले.