सरपण, लसूणघास आणि वासरू: मोंटानातल्या रँचवर पाच दिवस

पहिल्या संध्याकाळी रँचच्या मालकीणबाईंनी केबिनची किल्ली हातात देताना तीनच गोष्टी बजावल्या. शेगडीतला विस्तव विझू द्यायचा नाही. स्वयंपाकघरातल्या नळाची बारीक धार रात्रभर चालू ठेवायची, नाहीतर भिंतीतला पाइप गोठून फुटतो. आणि राख लोखंडी बादलीतच भरायची. ती बादली लाकडी पायरीवर टेकवायची नाही, कारण वरून थंड दिसणाऱ्या राखेत निखारे तासन् तास जिवंत असतात. त्या रात्री पारा उणे 26 अंश सेल्सियसपर्यंत उतरणार होता.

आम्ही पाच जण: मी, नवरा, सहा वर्षांची थोरली, तीन वर्षांचा धाकटा आणि कराडहून आलेली माझी आई. आमच्या सिएटलच्या शाळांना फेब्रुवारीत आठवडाभर सुट्टी असते. बर्फ म्हणजे स्कीइंग हे समीकरण मला मोडायचं होतं. मुलांनी बर्फात राहणारी माणसं आणि जनावरं बघावीत, एवढीच माझी इच्छा होती.

बोझमनला विमानातून उतरून पूर्वेची खिंड ओलांडली की लिव्हिंग्स्टन लागतं. हे गाव वाऱ्यासाठी प्रसिद्ध आहे. आम्ही आलो तेव्हा आभाळ निरभ्र होतं, तरी जमिनीवरचा बर्फ उडून रस्ता दिसेनासा होत होता. तिथून हायवे 89 दक्षिणेला वळतो आणि यलोस्टोन नदीच्या काठाने पॅराडाइज व्हॅलीत शिरतो. नदी उत्तरेला वाहते, आपण तिच्या उलट दिशेने जातो. डावीकडे अ‍ॅब्सारोका डोंगर, उजवीकडे गॅलाटिन. अ‍ॅब्सारोका हे नाव इथल्या क्रो या मूळनिवासी जमातीच्या स्वतःच्या नावावरून आलं आहे. 1868 च्या तहात अमेरिकी सरकारने नदीच्या पूर्वेचा हा सगळा भाग त्यांचा म्हणून मान्य केला होता, आणि पुढच्या पंधरा वर्षांच्या आत तो त्यांच्याकडून काढूनही घेतला. आमची केबिन त्याच पूर्वेच्या बाजूला होती. रोज सकाळी खिडकीतून ते डोंगर बघताना ही गोष्ट माझ्या मनातून जात नव्हती.

केबिन म्हणजे ओंडक्यांच्या भिंतींची एक मोठी खोली, वर माळा आणि मधोमध बिडाची शेगडी. पहिल्याच दिवशी घरातली सगळी हालचाल त्या शेगडीभोवती फिरायला लागली. ओले हातमोजे तिच्यामागच्या दोरीवर, बूट तिच्या पायाशी. हवा इतकी कोरडी की पहिल्या रात्री धाकट्याचा घोळणा फुटला, तेव्हापासून पाण्याचं पातेलं कायम तिच्यावर. मध्यरात्री आणि पहाटे नवरा उठून ओंडका सरकवायचा. थोरलीने सरपण आत आणायचं काम स्वतःकडे घेतलं: पेटवायला पाइनच्या ढलप्या, रात्रीला जाड ओंडके. तिसऱ्या दिवशी हवेचा खटका किती उघडला की ज्योत कशी बदलते, हे ती आजीला समजावून सांगत होती. आई शांतपणे ऐकत होती. तिचं सगळं बालपण चुलीपुढे गेलंय, पण तिने एकदाही नातीला थांबवलं नाही.

स्वयंपाकात एक गोष्ट मी आधी लक्षात घ्यायला हवी होती. खोरं समुद्रसपाटीपासून साधारण दीड हजार मीटर उंच आहे. तिथे पाणी 95 अंशांच्या आसपासच उकळतं. कुकर आणला नव्हता, त्यामुळे पहिल्या दिवशी तुरीची डाळ अडीच तास शिजत राहिली. मग मुगाची खिचडी, तूप आणि मेतकूट यांवर आम्ही राहिलो. भाकऱ्या मात्र आईने शेगडीच्या पाठीवरच तवा ठेवून भाजल्या आणि निखाऱ्यांपुढे धरून फुगवल्या.

मुलांना बाहेर न्यायचं म्हणजे वीस मिनिटांची तयारी: आतले थर्मल कपडे, लोकरी थर, स्नोसूट, दोन टोप्या, आणि बोटं एकत्र राहणारे मिटन. पाच बोटांचे हातमोजे या थंडीत पुरत नाहीत, सुटी बोटं लवकर गारठतात. दर पंधरा मिनिटांनी गाल तपासायचे, पांढरट ठिपका दिसला की सरळ घरात. धाकट्याला बर्फाचा गोळा करायचा होता आणि तो होईना. एवढ्या थंडीत बर्फ कोरड्या पिठीसारखा असतो, मुठीत दाबला तरी सांडतो. तो रडकुंडीला आला. मग त्यानेच त्या पिठीत उताणं पडून हात हलवायला सुरुवात केली आणि पुढचे चार दिवस केबिनभोवती त्याच्या आकाराचे शंभरेक ठसे उमटले. त्यांच्यामधूनच सशाची पावलं आणि कोल्ह्याची सरळ रेषेतली चाल गेलेली असायची. रात्री आमच्या दाराशी कोण येऊन गेलं, ते मुलं सकाळी त्या ठशांवरून शोधायची.

खरा दिवस सुरू व्हायचा संध्याकाळी. या रँचवर काळ्या अँगस गायी आहेत आणि त्यांना वैरण मुद्दाम तिन्हीसांजेला घालतात. संध्याकाळी खाल्लेल्या गायी रात्रीपेक्षा दिवसा जास्त वितात, हा तिथल्या लोकांचा अनुभव आहे आणि तो अभ्यासातही दिसून आला आहे. कडाक्याच्या रात्री ओलं वासरू जमिनीवर पडण्यापेक्षा दुपारच्या उन्हात पडलेलं बरं. अर्ध्या टनाहून जड गोल गठ्ठा ट्रॅक्टर सतरंजीसारखा उलगडत जायचा आणि गायी त्या लांब पट्ट्यावर रांगेत उभ्या राहायच्या. एका गायीला दिवसाला बारा-चौदा किलो सुकं गवत लागतं. ते पचताना पोटात जी ऊब तयार होते, त्यावर तिची रात्र निभते. त्यांच्या पाठींवर बर्फाचा थर न वितळता तसाच होता. मला वाईट वाटलं, पण मालकीणबाई म्हणाल्या की हीच चांगली खूण. केस इतके दाट आहेत की अंगातली ऊब बाहेरच पडत नाही.

आईने गठ्ठ्यातली एक काडी उपसली, बोटांत चुरली आणि नाकाशी नेली. "अगं, ही तर लसूणघास!" खरंच, ते अल्फाल्फा होतं. आमच्या आजोळी म्हशींसाठी बांधाकडेला लावायचे तेच. मी मालकीणबाईंना सांगितलं, आणि तिथून पुढे त्या दोघींना माझी फारशी गरज उरली नाही. हातवाऱ्यांनी सगळं चालायचं. कुठली गाय आज-उद्या विणार हे आई कासेकडे आणि शेपटीच्या बुडाशी बघून सांगायची, आणि मालकीणबाई मान हलवायच्या.

मधल्या एका दिवशी आम्ही गार्डिनरला, यलोस्टोन नॅशनल पार्कच्या उत्तर दारावर गेलो. तिथल्या दगडी कमानीची कोनशिला 1903 मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी बसवली. हिवाळ्यात साध्या गाडीने जाता येतं ते याच दारातून. बायसन डोकं डावी-उजवीकडे झाडत बर्फ बाजूला सारून खालचं गवत खात होते, त्यांचं वशिंड म्हणजे त्या डोक्याला पेलणारे स्नायू. मुलांनी गाडीतूनच बघितलं. सुंदर होतं. पण दुपार होताच थोरलीने विचारलं, "वैरण घालायच्या वेळेपर्यंत पोहोचू ना?"

चौथ्या रात्री वेळापत्रक न पाळणारी एक गाय पहाटे तीनला व्यायली. सकाळी सहाला मालकीणबाईंनी दार वाजवलं आणि आईकडे बोट केलं. मीही मागोमाग गेले, थोरली माझ्या हाताला धरून. त्यांच्या घराच्या बूट काढायच्या खोलीत, हीटरसमोर, जुन्या टॉवेलांवर काळं वासरू पडलं होतं. अंगावरचं पाणी गोठून केसांच्या काड्या झालेल्या. आईने काही न विचारता तिची तर्जनी त्याच्या तोंडात घातली. मालकीणबाईंनीही आधी तेच केलं होतं. तोंड आतून गार असेल तर वासरू धोक्यात. "गार आहे," आई म्हणाली, आणि खाली बसून तिने ते पाठीपासून पोटापर्यंत चोळायला घेतलं.

फ्रीझरमध्ये दुसऱ्या गायीचा चीक बाटल्यांत साठवून ठेवलेला होता. तो कोमट पाण्यात हळूहळू वितळवतात, कढत पाणी वापरलं तर त्यातली रोगाशी लढणारी द्रव्यं नासतात. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्याजवळ ही ताकद जवळजवळ नसते. ती त्याला चिकातूनच मिळते, आणि आतड्यांना ती शोषून घेता येते ती पहिल्या दिवसभरातच. त्यातही पहिले काही तास सर्वांत मोलाचे. थोरलीने दोन्ही हातांनी बाटली धरली. आधी वासराला चोखताच येईना. मग आईने बोटावर चीक घेऊन त्याच्या टाळूला लावला, आणि ते एकदम ओढायला लागलं. थोरली माझ्याकडे बघत होती, बोलत नव्हती. "चिकाचा खरवस करतात ना आज्जी?" तिने बऱ्याच वेळाने विचारलं. "आधी वासराचं पोट, मग खरवस," आई म्हणाली.

अकरापर्यंत ते चार पायांवर उभं राहिलं. दुपारी उन्हात त्याला गायीजवळ नेलं. तिने हुंगलं, मागे सरली, परत आली आणि चाटायला लागली. कुंपणापलीकडच्या कॉटनवुडवर दोन टकले गरुड बसले होते. गायी विण्याच्या दिवसांत ते पडलेली वार खायला येतात. धाकट्याने त्यांच्याकडे बघून स्पष्ट बजावलं, "हे बाळ आमचं आहे." संध्याकाळी वासराच्या कानात गायीच्याच नंबराचा बिल्ला लागला: 47. थोरलीने तो नंबर आपल्या मिटनवर पेनाने लिहून घेतला.

एप्रिलमध्ये मालकीणबाईंनी फोटो पाठवला. बर्फ वितळून कुरणात हिरवी लव आली होती, आणि 47 नंबर उन्हात उभं होतं. थंडीने त्याच्या दोन्ही कानांची टोकं गळून गेली होती, त्यामुळे ते अस्वलाच्या पिल्लासारखं दिसत होतं. बाकी ठणठणीत. मी तो फोटो लगेच कराडला पाठवला. दोन मिनिटांत आईचा फोन आला.

"कानांचं काही नाही गं," ती म्हणाली. "गाय त्याला पाजते ना नीट?"