भांडखोर पाखरू

सनीव्हेल (कॅलिफोर्निया), पितृपक्षातला शनिवार

शेजारच्या मेक्सिकन आजींनी आज कुंपणापलीकडूनच जाहीर केलं, "तुझी आई येऊन गेली बघ." साखरपाण्याच्या फीडरवर हमिंगबर्ड, म्हणजे फुलांतला मध पिणारं चिमुकलं पाखरू, आला होता. गेलेलं माणूस या पाखराच्या रूपाने भेटून जातं ही समजूत इकडे पुष्कळांची आहे.

आणि नेमकी आज आईची तिथी. सकाळी खीर-वडे करून कावळ्यासाठी घास बाहेर ठेवला, पण एक कावळा फिरकेल तर शपथ. फिरकेल तरी कशाला? २०२२ मध्ये आमच्या नगरपालिकेने डाउनटाउनमधले कावळे हुसकायला चक्क हिरवे लेझर मारले होते. भावाला फोनवर आजींचं बोलणं सांगितलं तर तो म्हणाला, "पण तो वडा खातो का?" नाही खात. साखरपाणी पितो, एक वाटी साखरेला चार वाट्या पाणी. आईचा चहा मधुमेहामुळे कितीतरी वर्षं बिनसाखरेचा होता. पिऊ दे.

मला खटकतं ते वेगळंच. इंटरनेटवर या पाखराचा अर्थ शोधावा तर आनंद, हलकेपणा, देवदूत, 'क्षणात जगा' वगैरे. असं लिहिणाऱ्यांनी इथल्या अ‍ॅनाज हमिंगबर्ड जातीचा नर फीडर राखताना तासभर बघावा. वजन चार-पाच ग्रॅम, पण आमच्या लिंबाच्या शेंड्यावर फौजदारासारखा बसतो. गळा एरवी काळपट दिसतो. मान वळली की एकदम भडक गुलाबी पेटतो. दुसरा कोणी चोच घालायला आला की चिरचिरत अंगावर धावून जातो. फीडरला चार भोकं आहेत, तरी दुसऱ्याला एक देणार नाही.

जुन्या मेक्सिकोतल्या मेशिका (अ‍ॅझ्टेक) लोकांनी याला बरोबर ओळखलं होतं. त्यांचा युद्धाचा आणि सूर्याचा देव वित्सिलोपोच्तली. त्याच्या नावातच हमिंगबर्ड आहे. कोआतलिक्वे देवी डोंगरावर झाडत असताना वरून पिसांचा गोळा पडला, तिने तो कमरेशी खोचला आणि तिला दिवस गेले. मुलगी कोयोल्शाउकी चिडली आणि चारशे भावांना घेऊन आईला मारायला निघाली. तेवढ्यात हा वित्सिलोपोच्तली पोटातून शस्त्रं घेऊनच जन्मला आणि त्याने बहिणीचे तुकडे केले. १९७८ मध्ये मेक्सिको सिटीत वीज कंपनीचे कामगार खणत असताना त्या तुकडे झालेल्या बहिणीची प्रचंड गोल शिळा सापडली, त्याच्याच देवळाच्या पायथ्याशी.

रणात पडलेले योद्धे चार वर्षं सूर्याची सोबत करतात आणि मग हमिंगबर्ड नि फुलपाखरं होऊन मध चाखतात, असंही ते मानत. हा अर्थ मला पटतो, कारण आईसुद्धा भांडखोरच होती. रेशन दुकानदार तिला लांबून बघूनच मापात नीट भरायचा. ती आलीच असेल तर देवदूत होऊन नाही, या लिंबावरच्या दांडगटासारखी आली असेल.

सोळाव्या शतकात सहागुन नावाच्या स्पॅनिश पाद्र्याने तिथल्या लोकांकडून एक गोष्ट लिहून घेतली आहे. हिवाळ्यात हे पाखरू झाडात चोच खुपसून लटकतं, सुकतं, पिसं गळतात आणि पाऊस आला की पुन्हा जिवंत होतं. पिसं गळण्याचं सोडा, पण मूळ निरीक्षण पक्कं आहे. गारठ्याच्या रात्री हमिंगबर्ड खरोखरच मेल्यासारखा पडून राहतो. एरवी मिनिटाला हजारावर जाणारे हृदयाचे ठोके पन्नासाच्या आसपास येतात, अंग गार पडतं. सकाळी थरथरत हळूहळू ऊब आणतो आणि मग उडतो.

संध्याकाळी आजींना खीर द्यायला गेले तेव्हा विषय निघालाच. त्यांच्याकडे याला चुपारोसा म्हणतात. प्रेम जुळावं म्हणून हे पाखरू मारून, वाळवून, लाल दोऱ्यात गुंडाळून प्रार्थनेच्या चिठ्ठीसकट विकतात. कायद्याने बंदी आहे, तरी चोरून सीमेपलीकडून इकडेही येतं. मी विचारलं, गुण येतो का? आजी भडकल्याच. "बायको हवी असेल तर आंघोळ करावी, फुलं न्यावीत. पाखराचा जीव कशाला घ्यायचा?"