आमची वाटचाल : जुलैच्या हंगामापासून वर्षभराच्या कामापर्यंत

आमची कर सल्लागार फर्म २००४ साली सुरू झाली तेव्हा हा व्यवसाय बराचसा हंगामी होता. पगारदार अशील जून-जुलैमध्ये फॉर्म १६, म्हणजे पगार व त्यातून कापलेल्या कराचा दाखला, घेऊन येत, व्यापारी अशील ऑडिटची मुदत जवळ आली की रोजकीर्द-खतावणीचे गठ्ठे पाठवीत, आणि एरवी विक्रीकराची विवरणपत्रे व एखाद्या नोटिशीचे उत्तर एवढेच काम असे. आज आमच्या कार्यालयात पूर्ण मोकळा म्हणावा असा आठवडा क्वचितच मिळतो. अशिलांची संख्या वाढली हे त्याचे एक कारण आहे, पण मोठे कारण म्हणजे वार्षिक म्हणवल्या जाणाऱ्या कराचे काम कायद्याने हळूहळू बाराही महिन्यांत वाटून टाकले.

१ एप्रिल २००५ रोजी महाराष्ट्रात विक्रीकराच्या जागी मूल्यवर्धित कर आला आणि खरेदीवर दिलेल्या कराच्या वजावटीसाठी (सेट-ऑफसाठी) प्रत्येक बिल जपून ठेवण्याची सवय व्यापाऱ्यांना लावावी लागली. खरी उलथापालथ मात्र १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यावर झाली. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याला साधारणपणे ११ तारखेपर्यंत विक्रीचा तपशील आणि २० तारखेपर्यंत कराचा भरणा करावा लागतो. जानेवारी २०२२ पासून तर पुरवठादाराने आपल्या विवरणपत्रात दाखवलेल्या बिलांचेच इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, मिळते. त्यामुळे आपल्या अशिलाचे हिशेब चोख असून भागत नाही. त्याला माल विकणाऱ्यानेही वेळेवर विवरणपत्र भरले आहे की नाही, हे आम्हांला महिन्याच्या महिन्याला पाहावे लागते. फॉर्म भरणे हे आता आमच्या कामाचा लहानसा भाग उरले आहे. बहुतेक वेळ ताळमेळ जुळवण्यात जातो.

अशिलांना समजावून सांगायला सर्वांत कठीण गेलेली गोष्ट म्हणजे आगाऊ कर, अर्थात वर्ष संपण्याआधीच हप्त्यांनी भरायचा आयकर. जुलैची तारीख विवरणपत्राची असते, कराची नव्हे, हे अनुभवी व्यापाऱ्यांनाही पटायला वेळ लागला. टीडीएस, म्हणजे उत्पन्न हाती येण्याआधीच कापला गेलेला कर, वजा जाता वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा त्याहून अधिक होत असेल, तर १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५ टक्के, १५ डिसेंबरपर्यंत ७५ टक्के आणि १५ मार्चपर्यंत संपूर्ण रक्कम भरलेली असावी लागते. न भरल्यास दरमहा एक टक्का व्याज लागते. धंद्याचे उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठ नागरिकांना यातून सूट आहे, तर अनुमानित उत्पन्नाची, म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्क्याने नफा धरण्याची, योजना घेणाऱ्या छोट्या व्यावसायिकांना १५ मार्चपर्यंत एकरकमी भरण्याची मुभा आहे. व्यक्तिगत करदात्यांमध्ये ठेवींच्या व्याजाबाबतचा गैरसमज तितकाच चिवट आहे. बँकेने १० टक्के टीडीएस कापला म्हणजे विषय मिटला असे अनेकांना वाटते, पण ३० टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या माणसाला उरलेला कर स्वतः भरावाच लागतो. २०२१ च्या अखेरीस आयकर संकेतस्थळावर वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, दिसू लागले आणि व्याज, लाभांश, शेअरविक्री असे सगळे एका ठिकाणी आल्यावर ही समजूत घालणे बरेच सोपे झाले.

जीएसटीनंतर आम्ही कामाची पद्धत बदलली. शेवटच्या आठवड्यात कागद आणून देणाऱ्यांचे काम घेणे थांबवले आणि तिमाहीच्या तिमाहीला हिशेब देण्याच्या अटीवर वार्षिक शुल्क ठरवले. काही जुने अशील दुरावले, परंतु घाईत भरलेल्या विवरणपत्राची दुरुस्ती करण्यात जाणारा वेळ पाहता तो निर्णय योग्यच होता, असे आमचे मत आहे. मुदत चुकण्याची किंमत केवळ विलंब शुल्काची, म्हणजे एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असल्यास १,००० आणि त्याहून अधिक असल्यास ५,००० रुपयांची, नसते. धंद्यातील तोटा पुढच्या वर्षांतील नफ्यातून वळता करण्याचा हक्कही जातो, आणि नव्या धंद्यासाठी हे नुकसान शुल्काच्या कितीतरी पट असते.

मार्च महिन्याचे स्वरूपही बदलले आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी लेखी करार नसल्यास १५ दिवसांत, आणि करार असल्यास त्यातील मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती न केल्यास तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच वजा मिळतो. म्हणून मार्चमध्ये आम्ही प्रत्येक अशिलाकडून ज्यांचे पैसे देणे आहे त्यांची यादी मागवतो आणि कोणता पुरवठादार उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेला उत्पादक वा सेवादार आहे, हे तपासतो.

आमच्या फर्मलाही हे नियम चुकलेले नाहीत. १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराला वर्षभरात २०,००० रुपयांहून अधिक मानधन वा व्याज दिल्यास फर्मने १० टक्के टीडीएस कापायचा असतो, त्यामुळे आम्ही दोघे भागीदार आता स्वतःच्याच मानधनातून कर कापून त्याचे चलन भरतो. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होत असल्याने २०२५-२६ चे विवरणपत्र १९६१ च्या कायद्याप्रमाणे आणि त्यापुढचा आगाऊ कर नव्या कायद्याप्रमाणे, असे दोन्ही काम एकाच उन्हाळ्यात येणार आहे. दोन्ही वर्षांची चलने एकमेकांत मिसळू नयेत म्हणून आम्ही प्रत्येक अशिलासाठी दोन वेगळ्या फायली उघडल्या आहेत.