तिसरा फटका बसायला लागलाय: टेनिसवालीची पिकलबॉल-नोंद

पिकलबॉलमधला थर्ड शॉट ड्रॉप, म्हणजे सर्व्ह आणि रिटर्ननंतर हळूच टाकायचा तिसरा फटका, आता अर्ध्याहून जास्त वेळा किचनमध्ये, म्हणजे नेटलगतच्या पट्ट्यात, पडतो. ड्रिलमध्ये तो बरेच दिवस पडतच होता. आता मॅचमध्येही पडतोय, समोर दोघं नेटवर दबा धरून उभे असताना! ज्यांनी टेनिसचा हात घेऊन हा फटका शिकायचा प्रयत्न केलाय, त्यांना माझा आनंद कळेल. मागच्या नोंदीत सर्व्ह आणि रिटर्नबद्दल लिहिलं होतं. टेनिस खेळलेल्या माणसाला ते दोन्ही लवकर जमतात. या वेळची नोंद जवळजवळ सगळी तिसऱ्या फटक्यावर आहे. शेवटी थोडं टेनिस विरुद्ध पिकलबॉल या भांडणावर लिहिलंय, कारण आमच्या ग्रुपवर ते पुन्हा पेटलंय आणि मला त्यात माझं म्हणणं मांडायचंय.

आधी हा फटका एवढा नडतो का, ते सांगते. टेनिसमध्ये सर्व्ह करणारा राजा असतो, इथे उलटं आहे. सर्व्ह खालून करायची, ती टप्पा पडू द्यायची, आणि तिच्यावरचा रिटर्नही टप्पा पडू द्यायचा. म्हणजे रिटर्न करणारी जोडी फटका मारून सरळ नेटपाशी येऊन उभी राहते आणि सर्व्ह करणारे दोघं मागे बेसलाइनवर अडकतात. आणि पारंपरिक पद्धतीत पॉइंट मात्र फक्त सर्व्ह करणाऱ्या बाजूलाच मिळतो. अशा वेळी तिसऱ्या फटक्याचं काम एकच: आपल्याला पुढे यायला वेळ मिळवून देणं. चेंडू नेटपासून सात फुटांच्या त्या पट्ट्यात, म्हणजे किचनमध्ये, इतका खाली पडायला हवा की समोरच्याला तो वरून मारता येऊ नये.

टेनिसवाल्याच्या अंगात मात्र काय भिनलेलं असतं? आखूड चेंडू आला की पुढे जा आणि ठोक. नेट बेसलाइनपासून एकोणचाळीस फुटांवर असतं, टॉपस्पिनला खाली यायला भरपूर जागा असते. इथे नेट बावीस फुटांवर आहे. पूर्ण ताकदीचा ड्राइव्ह मारला की तो समोरच्याच्या छातीशी जातो, तो नुसतं पॅडल (या खेळाची छोटी बॅट) पुढे धरतो, आणि आपण धावत पुढे येत असताना चेंडू आपल्याच पायाशी. आमच्या कोर्टवर टेनिसमधून आलेले बरेच जण इथेच थांबलेत. त्यांचा ड्राइव्ह बघायला सुंदर असतो, नवख्यांविरुद्ध चालतोही. चांगला ब्लॉक करणारी जोडी समोर आली की गेम ११-३ नं जातो.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो चेंडूचा स्वभाव समजून घेण्याचा. टेनिसचा चेंडू १०० इंचांवरून सोडला की ५३ ते ५८ इंच उसळावा असा नियम आहे. पिकलबॉलचा चेंडू ७८ इंचांवरून सोडला तर ३० ते ३४ इंचच उसळतो. शिवाय तो भोकाभोकांचा, वजन टेनिसच्या चेंडूच्या निम्म्याहूनही कमी, त्यामुळे हवा त्याला सतत मागे ओढते. म्हणजे कमरेच्या उंचीवर चेंडूची वाट बघत उभं राहिलं तर तो तिथे येतच नाही, गुडघ्यापाशीच राहतो. आपल्यालाच खाली जावं लागतं, आणि तेही गुडघ्यातून. कमरेत वाकलं की पॅडलचं तोंड आपोआप वर होतं आणि ड्रॉप उंच उडतो. गेल्या काही आठवड्यांत मी दुसरं काही न बदलता फक्त गुडघे जास्त वाकवले, त्यातच निम्मा फरक पडला.

उरलेला निम्मा फरक एका काकूंमुळे. त्या आमच्या शेजारच्या सोसायटीतल्या, आयुष्यभर बॅडमिंटन खेळलेल्या, आता साठी ओलांडलेल्या. माझा ड्रॉप चौथ्यांदा नेटच्या वरून तरंगत गेला तेव्हा त्या पलीकडून म्हणाल्या, "मारू नकोस गं, ठेव." मी विचारलं, ठेव म्हणजे नेमकं काय करू? त्यांनी पॅडल माझ्या हातात दिलं आणि बोटं सैल करायला लावली. दहात तीन-चार एवढीच पकड. मनगट गप्प. हात खांद्यातून हलतो, मागे जवळजवळ जातच नाही, चेंडू शरीराच्या पुढे घ्यायचा आणि त्याच्या खालून वर उचलायचं. कॅरममध्ये राणी भोकाच्या तोंडाशी असली की स्ट्रायकरला जेवढा हलका हात लावतो तेवढाच. आणि त्यांचं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं: चेंडूचा सर्वात उंच बिंदू नेटच्या आपल्या बाजूला यायला हवा. नेट ओलांडताना तो खाली येत असला पाहिजे. हे कळल्यावर मी नेटकडे बघणं सोडलं. आता नेटच्या अलीकडे तीन-चार फुटांवर हवेतली एक जागा धरते आणि तिच्यातून चेंडू काढते.

मग पुढे यायचं कसं? टेनिसमध्ये ॲप्रोच मारून थेट नेटपर्यंत पोचायची सवय असते. इथे बेसलाइन आणि किचन यांच्यातल्या पट्ट्यात थांबावं लागतं, आणि तेसुद्धा समोरचा फटका मारायच्या क्षणी, जिथे असाल तिथे. इथे टेनिसनं मला भरभरून दिलंय. स्प्लिट स्टेप, म्हणजे समोरचा मारायच्या क्षणी दोन्ही पायांवर घ्यायची छोटी उडी, अंगवळणी पडलेली आहे, त्यामुळे थांबणं वेगळं शिकावं लागलं नाही. दोन हातांचा बॅकहँडही जसाच्या तसा कामी येतो, विशेषतः किचनवरून अचानक वेग वाढवताना. लांब दांड्याची पॅडल त्यासाठीच घ्यावीत. स्लाइस रिटर्न खोल आणि खाली राहतो, तो तर वरदानच. नेटवरचं अँगलचं भान, जोडीदाराबरोबर एकत्र सरकणं, लॉबला वळून मागे धावणं हे सगळं टेनिसचंच. (लॉबला तोंड पुढे ठेवून उलटं मागे पळू नका, कृपा करून. आपल्याकडे बऱ्याच कोर्टांखाली सिमेंट आहे.)

जे टेनिसमधून येत नाही ते किचनच्या रेषेवर. दोन्ही जोड्या आपापल्या रेषेवर आल्या की मध्ये जेमतेम चौदा फूट उरतात. तिथे मोठा स्विंग करायला वेळच नसतो. व्हॉली, म्हणजे टप्पा पडायच्या आधीच मारलेला फटका, मारताना किंवा मारल्यावर तोल जाऊन पाय किचनमध्ये पडला तर फॉल्ट, चेंडू तिकडे दोनदा टप्पे घेऊन मेला असला तरी. टेनिसमध्ये व्हॉलीला पुढे झेपावणं हे चांगलं लक्षण, इथे त्याच झेपेवर पॉइंट जातो. यावर मी जो उपाय करतेय तो चालतोय: रेषेच्या चार बोटं मागे उभं राहायचं, वजन चवड्यांवर, आणि व्हॉली हातानं मारायची, छातीनं नाही.

पॅडलबद्दल दोन ओळी. मी १४ मिलिमीटर जाडीचं सोडून १६ मिलिमीटरचं घेतलं. जाड पॅडल चेंडूचा जोर जास्त पितं, त्यामुळे रीसेट (जोरात आलेला चेंडू मऊ करून किचनमध्ये टाकणं) आणि ड्रॉप सोपे होतात. टेनिसवाल्याकडे ताकद आधीच असते, त्याला मऊपणा विकत घ्यावा लागतो.

पावसाळ्याचाही यात हात आहे. जूनमध्ये मुंबईतली उघडी टेनिस कोर्टं बंद पडतात, क्लेवर ताडपत्री चढते. पिकलबॉलचं कोर्ट मात्र वीस बाय चव्वेचाळीस फुटांचं, म्हणजे बरोबर बॅडमिंटनच्या डबल्स कोर्टाएवढं. बॅडमिंटन हॉल, पत्र्याच्या शेडमधले टर्फ, पार्किंगचा रिकामा मजला, कुठेही बसतं. आमच्या टेनिस ग्रुपमधले कितीतरी जण पावसाळ्यापुरते म्हणून आले आणि आता परत जायचं नाव काढत नाहीत. भांडणाची ठिणगी तिथेच पडली.

आमचे टेनिसचे सर स्पष्ट बोलले, "तुम्ही सगळे तिकडे गेलात तर इथे मुलं कुणाला बघून शिकणार?" त्यांचं दुःख मला पूर्ण समजतं. २०२४ च्या विम्बल्डनमध्ये जोकोविचनंही हेच म्हटलं होतं, की क्लबच्या पातळीवर टेनिस धोक्यात आहे आणि पाडेल (भिंतींनी वेढलेल्या छोट्या कोर्टावरचा टेनिससारखा खेळ) आणि पिकलबॉल वाढत गेले तर क्लबवाले टेनिसची कोर्टं त्यांच्यासाठी बदलतील, कारण पैशाचं गणित तसं आहे. मुंबईत ते गणित आणखी कडक होतं. टेनिस कोर्टाला आजूबाजूची मोकळी जागा धरून साठ बाय एकशे वीस फूट लागतात. पिकलबॉलला तीस बाय साठ. म्हणजे एका टेनिस कोर्टाच्या जागेत चार पिकलबॉल कोर्टं, चार माणसांच्या ठिकाणी सोळा माणसं, आणि तासाला चार भाडी. जागेच्या मालकाला काय दिसणार ते उघड आहे.

म्हणूनच माझं म्हणणं असं, आणि ग्रुपवर ते दोन्ही बाजूंना पटलेलं नाही: मुंबईतलं एकही चालू टेनिस कोर्ट पिकलबॉलसाठी कायमचं मोडू नये. पिकलबॉल शेडमध्ये जगतो, गच्चीवर जगतो. टेनिसला दुसरीकडे जागाच नाही. एकदा त्या कोर्टावर चार छोटी कोर्टं कायमची बसली की ते परत टेनिसचं होत नाही. मी पिकलबॉल मनापासून खेळते, आणि म्हणूनच हा खेळ दुसऱ्या खेळाची जागा खाऊन वाढलेला मला नकोय. उलट टेनिसवाल्यांनी रंगवलेल्या जास्तीच्या रेषांवरून एवढं रान उठवू नये. नेट मधोमध टेनिसला ३६ इंच आणि पिकलबॉलला ३४ इंच. पट्टा दोन इंच आवळला की काम होतं. दुपारच्या ज्या वेळात टेनिसला कुणी फिरकत नाही त्या वेळात कोर्ट वापरलं तर कुणाचं काही जात नाही. आवाजाची तक्रार मात्र खरी आहे. कडक प्लॅस्टिकचा तो टॉक-टॉक सोसायटीच्या पोडियमवर सकाळी सहाला सुरू झाला तर लोक चिडणारच, तिथे आपणच वेळ पाळली पाहिजे.

ग्रुपवरची "टेनिस सोडून पळाले" ही भाषा मला अजिबात मान्य नाही. नाटेकरांचं घर बघा. सांगलीचे नंदू नाटेकर आधी ज्युनियर टेनिस खेळायचे, राष्ट्रीय स्पर्धेत रामनाथन कृष्णनकडून हरल्यावर बॅडमिंटनकडे वळले आणि १९५६ मध्ये परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू झाले. त्यांचा मुलगा गौरव टेनिसमध्ये गेला, डेव्हिस कप खेळला, १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडर पेसबरोबर डबल्सचं सुवर्ण जिंकला. त्याच गौरव नाटेकरांनी आरती पोनप्पा नाटेकर यांच्यासह वर्ल्ड पिकलबॉल लीग उभी केली. या घराला कुणी पळपुटं म्हणेल का? आणि मुळात हा खेळ आपल्याकडे आला तो मुंबईतूनच. सुनील वालावलकर यांनी तो आणला, २००८ मध्ये ऑल इंडिया पिकलबॉल असोसिएशन स्थापन केली, तेव्हा लीगचा मागमूसही नव्हता.

२०२५ मध्ये त्या लीगचा पहिला मोसम चर्चगेटच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात झाला, फेब्रुवारीच्या सुरुवातीला संपला, आणि लगेच त्याच क्लबात महिलांची मुंबई ओपन टेनिस स्पर्धा सुरू झाली. तीच स्पर्धा, जी २०१७ मध्ये सबालेंकानं जिंकली होती. एकाच आवारात दोन्ही खेळ पाठोपाठ होऊ शकतात, हे आपण आपल्या शहरात बघितलंय.

राहता राहिला तो प्रश्न, की चांगला टेनिसपटू आपोआप चांगला पिकलबॉलपटू होतो का. जॅक सॉक विम्बल्डन डबल्सचा विजेता, २०२३ मध्ये टेनिसमधून निवृत्त होऊन इकडे आला, त्याचा फोरहँड इथेही जबरदस्त आहे. पण २०२५ मध्ये आंद्रे आगासी यूएस ओपन पिकलबॉलमध्ये उतरला तेव्हा त्याची जोडीदार पिकलबॉलची अव्वल खेळाडू ॲना ली वॉटर्स होती, वयानं त्याच्या मुलीसारखी, आणि किचनवरची सूत्रं तिच्याकडे होती. तिथल्या शांत हाताला पर्याय नाही. आगासीचा रिटर्न जगात गाजलेला, तरी त्या सात फुटांत जोडीदाराकडून शिकायचं बरंच असतं.

पुढच्या महिन्याचं ठरलंय. फोरहँडचा ड्रॉप बसला, आता बॅकहँडचा, एका हातानं, कारण दोन हातांनी पायाशी आलेला चेंडू उचलताना मला पोच कमी पडते. त्याच्याबरोबर क्रॉसकोर्ट डिंक, म्हणजे किचनच्या रेषेवरून समोरच्या किचनमध्ये हलकेच टाकलेला तिरपा फटका, कोपऱ्यातून कोपऱ्यात, नेट मध्ये दोन इंच खाली असतं त्याचा फायदा घेत. पावसाळा सरला की टेनिसचं कोर्ट सुकेल, तेव्हा रविवार सकाळ सरांच्या मुलांना सर्व्ह परतवायला देणार आहे. मुलुंड-भांडुप पट्ट्यातलं कुणी आठवड्यातल्या संध्याकाळी फक्त ड्रिल करायला तयार असेल तर इथे लिहा. गेम नाही, स्कोअर नाही, नुसते ड्रॉप आणि रीसेट. पॅडल नसलं तरी या, माझं जुनं १४ मिलिमीटरचं पडून आहे.