चिठ्ठीवरचे गाव

आमच्या महाविद्यालयातील हर्बेरियमचे, म्हणजे वाळवून कागदावर लावलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचे, कपाट गेली काही वर्षे माझ्याकडे सोपवलेले आहे. मागच्या पावसाळ्यात युरोपातील एका अभ्यासकाने सातपुड्यातील तोरणमाळच्या मुसळी या औषधी वनस्पतीच्या शीटवरून (नमुना लावलेल्या कागदावरून) डीएनए तपासणीसाठी नखाएवढा पानाचा तुकडा मागितला, तेव्हा एवढ्याशा तुकड्याला कोण विचारणार, असे एक सहकारी म्हणाले. पण जैविक विविधता कायदा, २००२ च्या व्याख्येत वनस्पती, तिचे भाग आणि जनुकीय साहित्य हे सारेच येते, आणि परदेशी व्यक्तीला ते द्यायचे तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. म्हणून मी आधी शीट बाहेर काढली.

तपकिरी पडलेल्या कागदावर दोऱ्याने टाचलेली मुसळी, आणि उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी: ‘तोरणमाळ परिसर, जि. धुळे’. वर्ष पुसले गेले होते; मात्र तोरणमाळ आता ज्यात आहे तो नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला, त्यामुळे नमुना बहुधा त्याआधीचा असावा. खाली पेन्सिलीने लिहिले होते, ‘पावरा लोक कंद अशक्तपणावर देतात’. पावरा ही सातपुड्यातील आदिवासी जमात. वनविभागाच्या परवानगीचा क्रमांक कोठेच नव्हता आणि नोंदवहीत त्यापुढे फक्त ‘भेट’ असा शब्द होता.

अभ्यासकाचे म्हणणे असे की, जनुकीय साहित्याचा वापर आणि त्याच्या लाभाची वाटणी यांविषयीचा आंतरराष्ट्रीय नागोया करार १२ ऑक्टोबर २०१४ रोजी लागू झाला, युरोपीय संघाचा नियमही त्यानंतर मिळवलेल्या साहित्यालाच लागू आहे, तेव्हा जुन्या शीटला अडचण नसावी. त्यांच्या देशापुरते ते बरोबर असेल; परंतु आमच्याकडून तुकडा बाहेर जाणार तो आज, म्हणून परवानगीही आजच घ्यावी लागते. त्याहून मोठी अडचण ‘परिसर’ या शब्दाची आहे. नमुन्याच्या वापरातून होणाऱ्या लाभाचा वाटा कोणाला, हे ठरवायचे तर गाव कळले पाहिजे, कारण जैवविविधता व्यवस्थापन समिती ग्रामपंचायतीची असते आणि स्थानिक वनस्पती, प्राणी आणि त्यांविषयीचे ज्ञान टिपणारी लोक जैवविविधता नोंदवहीही तिचीच. पेन्सिलीची ती ओळ तर माझ्या मते शीटवरील सर्वांत मोलाची गोष्ट आहे. ते पावरांचे पारंपरिक ज्ञान आहे आणि ज्याने सांगितले त्याचे गावही लिहिलेले नाही.

चिठ्ठीचे महत्त्व खानदेशाला वेगळे सांगायला नको. रानपिंगळ्याचे, म्हणजे एका लहान घुबडाचे, १८८० च्या दशकात पक्षीनमुने गोळा करणारे डेव्हिडसन यांनी खानदेशातून मिळवलेले नमुने परदेशी संग्रहालयांत होते. त्यांतला एक ब्रिटिश पक्षीसंग्राहक मायनर्ट्झहागेन यांनी चोरून गुजरातमधील मांडवी, १९१४ अशी खोटी चिठ्ठी त्याला लावली. ती लबाडी उलगडून खऱ्या चिठ्ठ्यांचा माग काढल्यामुळेच अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ आले आणि शंभराहून अधिक वर्षे हरवलेला पक्षी दिसला.

आता आमच्या नोंदवहीत गाव, ग्रामपंचायत, परवान्याचा क्रमांक, त्यातील अटी आणि माहिती देणाऱ्याची संमती असे रकाने आहेत. डीएनएच्या नळीलाही शीटचाच क्रमांक देतो, कारण नळी एकदा फ्रीजमध्ये गेली की तिच्या अटी विसरायला वेळ लागत नाही. नवी प्रजाती आढळली तर जैविक विविधता कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे तिचा नमुना सरकारने नेमलेल्या नमुना-भांडारात जमा करावा लागतो, तोही रकाना ठेवला आहे.

अभ्यासकाला प्राधिकरणाकडे अर्ज करण्याविषयी कळवले आहे. दिवाळीनंतर तोरणमाळला जाऊन, जुन्या संकलनाच्या वेळी सोबत असलेल्या वाटाड्याच्या घरी गावाचे नाव विचारणार आहे.