उरुस म्हणजे जत्रा नव्हे!

लेकाच्या हट्टापायी आज इटलीत बोलोन्याजवळच्या सांतागातामध्ये लॅम्बोर्गिनीचं संग्रहालय पाहिलं. त्याला फक्त नव्या गाड्यांत रस. रेव्हुएल्टो थोरली: साडेसहा लिटरचं व्ही-१२ (बारा सिलिंडरचं) इंजिन, जोडीला तीन इलेक्ट्रिक मोटारी, मिळून हजारावर अश्वशक्ती. तेमेरारिओ धाकटी, टर्बोवालं (जादा हवा कोंबणारं) व्ही-८ इंजिन, पण मिनिटाला १०,००० फेऱ्यांपर्यंत पळतं. तिच्या आधीच्या हुराकानला विनाटर्बो व्ही-१० होतं. माझं मत हुराकानला, निव्वळ आवाजासाठी. लेकाने मला म्हाताऱ्यांत काढलं.

उरुस ही अख्ख्या कुटुंबाची गाडी. हे नाव जुन्या रानबैलाचं, पण आपल्याला आधी पाळणे आणि गोडीशेवच आठवणार ना!

मी खरी अडकले ती १९६६ च्या मिउरापाशी. एवढं व्ही-१२ इंजिन सीटमागे आडवं बसवलंय, आणि गाडी जेमतेम कमरेएवढी! तिच्यानंतरची काउंटाश दिसायला जबरी, पण मागचं काही दिसत नाही. रिव्हर्स घेताना चालक दार वर करून चक्क उंबऱ्यावर बसायचे.

बाबा तासभर गप्प होते. फेरुच्चिओ लॅम्बोर्गिनी आधी ट्रॅक्टर बनवायचे, हे कळल्यावर एकदम खुलले. "मग ट्रॅक्टर कुठे ठेवलाय?"